पुलाचें नांव आणि पायीं चालणारा

वर्धा शहरांत रेल्वेच्या रुळांवरून पलीकडे जाणारा जो उड्डाणपूल आहे, त्यास आचार्य विनोबा भावे यांचें नांव दिलेलें आहे. रस्त्यांस व चौकांस पुढाऱ्यांचीं नांवें देण्याची आपल्याकडे इतकी रीत पडली आहे कीं, पाटीकडे कोणी मान वर करून पाहतही नाहीं. तरी या नांवाकडे अंमळ थांबून पाहावें, असें मला वाटतें.

नांव उपयोगाचें असूं शकतें, हें आमच्या जिल्ह्यास ठाऊक आहे. गांधीजी राहात त्या शेगांवची डाक गजानन महाराजांच्या शेगांवीं जाऊं लागली, म्हणून १९४० सालीं त्याचें सेवाग्राम झालें. पुलाच्या नांवानें असा घोटाळा मिटत नाहीं. त्याचा संबंध निराळा आहे.

विनोबा १९२१ सालीं वर्ध्यास आले. १९३८ च्या मार्चांत प्रकृति अगदीं खालावल्यामुळें ते जमनालालजी बजाज यांच्या पवनार येथील बंगल्यांत राहावयास निघाले. मोटार धाम नदीच्या पुलावर आली, तेव्हां त्यांनीं संन्यासाचें संस्कृत वचन तीनदां उच्चारलें व सर्व कामांचा भार मनानें अलीकडच्या तीरावरच ठेविला. नव्या स्थानाचें नांव परंधाम. धामच्या पलीकडचें तें परंधाम, आणि श्रेष्ठ निवास तेंही परंधाम! शब्दांशीं खेळण्यांत त्यांचा हात धरणारा विरळाच.

पुढें १९५१ सालीं हेच गृहस्थ सर्वोदय संमेलनासाठीं हैदराबादेजवळील शिवरामपल्लीस पायीं गेले. तेथून तेलंगणांत फिरत असतां १८ एप्रिल रोजीं पोचमपल्ली येथें भूमिहीनांसाठीं शंभर एकरांचें पहिलें दान मिळालें आणि भूदानाचा आरंभ झाला. त्यानंतर वर्षानुवर्षें देशभर पदयात्रा करून ते १९६४ सालीं पवनारास परतले.

अशा पादचाऱ्याचें नांव धारण करणारा पूल पादचाऱ्यास कसा वाटतो, हा प्रश्न मग आपोआपच येतो. खालून गाडी व विजेच्या तारा जावयाच्या, म्हणून रुळांवरील पूल उंच बांधावा लागतो. उंचीमुळें दोन्ही बाजूंचे चढ लांबतात. मोटारवाल्यास तो चढ जाणवतही नाहीं. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईस मात्र प्रत्येक पाऊल मोजावें लागतें. म्हणूनच जेथें जेथें असे पूल झाले, तेथें पायीं जाणारीं माणसें वळसा चुकविण्यासाठीं जीव मुठींत धरून रूळ ओलांडतात. त्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु दोन माणसें समोरासमोर आलीं तरी कोणास गाडीच्या वाटेवर उतरावें लागूं नये, एवढा रुंद पदपथ, त्यावर न ठेवलेल्या दुचाक्या आणि रुळांपाशींच वर चढणारा चांगला जिना, इतकें दिल्यावर मगच त्यांस बोल लावावा.