जुन्या गेमिंग पीसीत नवा प्रोसेसर टाकायचाय? आधी मदरबोर्डला विचारा

"ताई, प्रोसेसर बदलू की आख्खा पीसीच बदलू?"

कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा हा मेसेज आला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. व्हॅलोरंटमध्ये चार-पाच जण एकदम समोर आले की एफपीएस धाडकन खाली येतो, याचा स्क्रीनशॉटही सोबत होता. पीसी २०१८चा. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम. त्या काळात बजेट गेमिंगसाठी हीच जोडणी सर्रास सुचवली जायची, त्यामुळे तुमच्यापैकी काहींच्या टेबलाखालीही हाच डबा असेल.

विषय फक्त गेमचा असता तर "सेटिंग लो कर आणि झोप" सांगून मी मोकळी झाले असते. पण पैसे मावशीचे आहेत. मावशी मासे विकते, आणि १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून पीसीवर खर्च करायचा, तर एकही पार्ट चुकीचा आलेला परवडत नाही. म्हणून रविवारी त्याच्या घरीच गेले.

दोष खरंच प्रोसेसरचा आहे का?

बोटीवर तांडेल असतो आणि खलाशी असतात. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं हे तांडेल सांगतो, ओढतात खलाशी. गेममध्ये प्रोसेसर हा तांडेल. गोळी कुणाला लागली, समोरचा खेळाडू कुठे पोचला, पुढच्या फ्रेममध्ये काय काय दाखवायचं हे तो ठरवतो. प्रत्यक्ष चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड. तांडेलच उशिरा हाक देत असेल, तर खलाशी वाढवून मासळी वाढत नाही.

वेळ किती कमी असतो बघा. ६० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा तर जेमतेम ७. तेवढ्यात दोघांचंही काम आटपलं पाहिजे.

कोण मागे पडतंय हे शोधायला एक फुकटची चाचणी आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा आणि त्याच मॅपवर, त्याच जागी एफपीएस बघा. रिझोल्यूशन कमी केलं की ग्राफिक्स कार्डचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस चांगलाच वाढला तर अडकलं होतं ग्राफिक्स कार्ड. जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसर.

इथे टास्क मॅनेजर बघून बरेच जण फसतात. "सीपीयू तर ४० टक्केच वापरला जातोय, म्हणजे तो ठीक आहे," असं वाटतं. रायझन १६००ला ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर अडकलं असेल, तर तो एक थ्रेड पूर्ण भरूनही एकूण वापर जेमतेम ८ टक्के दिसतो. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डचा आकडा बघा. तो सतत ९५च्या पुढे असेल तर प्रोसेसर बदलून फरक पडणार नाही. तो बराच खाली रेंगाळतोय आणि एफपीएसही कमी आहे, तर संशय प्रोसेसरवर. (एफपीएसला मर्यादा घातली असेल किंवा व्हीसिंक चालू असेल तर चाचणीपुरतं ते काढा, नाहीतर आकडे खोटं बोलतील.)

भावाच्या पीसीवर व्हॅलोरंटमध्ये रिझोल्यूशन उतरवून काहीच बदललं नाही. जीटीए ५मध्ये मात्र ग्राफिक्स वाढवताच कार्ड पूर्ण भरलं. म्हणजे नवा प्रोसेसर त्याला व्हॅलोरंटमध्ये वाचवेल, भारी ग्राफिक्सच्या गेममध्ये नाही. हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

आधी फुकटचं करून घ्या

साइड पॅनल उघडलं तर पंख्यावर धूळ नव्हती, लेप होता. समुद्राला लागून घर असलं की खारट दमट हवा आणि धूळ मिळून असा चिकटा बसतो, तो नुसत्या फुंकरीने जात नाही. मऊ ब्रश आणि ब्लोअर लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्टही इतक्या वर्षांत वाळते. ती बदलायला फार खर्च नाही. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि मग आपण तरण्या प्रोसेसरला म्हातारा ठरवून बसतो.

मग रॅम बघितली. पाकिटावर ३००० लिहिलेली रॅम २१३३वर चालत होती, २०१८पासून. जोडणाऱ्याने बायोसमध्ये एक्सएमपी चालूच केलं नव्हतं. हे इतकं सर्रास होतं की आता मला रागही येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' उघडा, स्पीड दिसेल. रायझनला रॅमचा वेग मानवतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये आहेत ना तेही तपासा. चार स्लॉटच्या बोर्डावर शेजारी शेजारी खोचलेल्या पट्ट्या बहुतेक वेळा एकाच चॅनेलवर चालतात आणि अर्धी रुंदी वाया जाते.

एवढं करून व्हॅलोरंटमधले झटके कमी झाले. गेले नाहीत.

मदरबोर्ड काय म्हणतो?

कोणता प्रोसेसर बसणार हे तुम्ही नाही, मदरबोर्ड ठरवतो. भावाचं नशीब इथे चांगलं निघालं. त्याचा बोर्ड एएमडीच्या एएम४ सॉकेटचा आहे. मार्च २०१७मध्ये पहिले रायझन याच सॉकेटवर आले आणि २०२० अखेरचे ५००० मालिकेचेही याच सॉकेटवर. हे कंपनीने सरळ हाताने दिलं असंही नाही. मे २०२०मध्ये एएमडीने सांगितलं होतं की नवे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. पुढे २०२२मध्ये ३०० मालिकेच्या, म्हणजे भावाच्या बी३५०सारख्या बोर्डांनाही दार उघडलं.

फक्त त्यासाठी बायोस अपडेट लागतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर आपल्या मॉडेलचं पान उघडा, रिव्हिजन नंबर असेल तर तोही जुळवा, आणि 'सीपीयू सपोर्ट'च्या यादीत हवा तो प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते वाचा. अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचा. आधी प्रोसेसर बदललात तर स्क्रीन काळी राहील आणि दुकानात खेटे घालावे लागतील. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. दक्षिण मुंबईत वीज सहसा जात नाही, हे खरं. पण १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईच बंद पडली होती, त्यामुळे शेजाऱ्याचा यूपीएस अर्ध्या तासासाठी मागून आणायला लाजू नका.

यादीत भावासाठी खरे उमेदवार दोन होते. रायझन ५ ५६००ला कोअर-थ्रेड १६००इतकेच, पण प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान, आणि ६५ वॅटचाच, म्हणजे जुन्या पॉवर सप्लायवर नवा ताण नाही. दुसरा रायझन ७ ५८००एक्स३डी. त्याची खासियत ९६ एमबी एल३ कॅश. कॅश म्हणजे ओट्यावरचा मसाल्याचा डबा आणि रॅम म्हणजे नाक्यावरचं किराणा दुकान. डबा मोठा असला की खाली उतरावं लागत नाही, गेमना हेच आवडतं. पण तो १०५ वॅटचा, बॉक्समध्ये कूलर नाही, आणि एक्स३डी मॉडेल्स आता नवी मिळणं अवघड झालंय. जीटीएक्स १०६०सोबत तो घेणं म्हणजे होडीला ट्रॉलरचं इंजिन बसवणं. ५६०० पुरे.

नावं मात्र नीट वाचा. ५६००च्या जागी ५५०० किंवा ५६००जी हातात टेकवला जाऊ शकतो, "एकच आहे" म्हणत. एकच नाही. ५६००ला ३२ एमबी एल३ कॅश आहे, त्या दोघांना १६.

इंटेलवाल्यांचं गणित वेगळं, आणि थोडं कडू. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींच्या सॉकेटचं नाव एलजीए ११५१च, पण एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. तुमच्याकडे आय५-७४०० असेल तर वरची मजल आय७-७७००, म्हणजे चारच कोअर. त्यावर पैसे घालू नका. आय३-८१०० किंवा आय५-८४०० असेल तर सेकंड हँड आय७-८७००चा विचार करण्यासारखा आहे. तोही नको असेल तर आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ घेणारा एलजीए १७०० बोर्ड. जुनी रॅम तिथे चालते.

जुनी रॅम चालण्याला सध्या फार किंमत आहे. २०२५च्या शेवटापासून एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव प्रचंड चढलेत, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. एएमडीचं नवं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतं. म्हणजे "पुढच्या पाच वर्षांसाठी एएम५वर जा" हा एरवी शहाणा वाटणारा सल्ला मानला, तर प्रोसेसर आणि बोर्डासोबत आजच्या भावातली रॅमही आली. मावशीच्या पैशात मी तो देणार नाही.

विंडोजची अडचण

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतील, पुढे नाही. विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर आहेत. रायझन १६०० त्यात नाही. विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, बॅटलफील्ड ६लाही सिक्युअर बूट लागतं. त्यामुळे भावासाठी हा खर्च नुसत्या एफपीएसचा राहिला नाही. याच पीसीवर तो कॉलेजचं काम करतो आणि मावशीचं ऑनलाइन बँकिंगही.

तुम्ही आधीच विंडोज ११वर असाल तर एक काळजी घ्या. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर प्रोसेसर बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर लिहून ठेवा.

खरेदी आणि बसवणं

कफ परेडहून ॲक्वा लाइन मेट्रोने ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड चालत गाठता येतो. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण हे नाव सांगून रिक्षावाल्यालाही कळणार नाही, आणि तशाही तिथे रिक्षा नाहीत. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून इथे आकडे देत नाही. ऑनलाइन भाव बघून जा आणि तीन दुकानांत विचारा. "ट्रे" प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याला बॉक्स नसतो आणि वॉरंटी बहुतेकदा दुकानदाराच्या शब्दावर असते. सीलबंद बॉक्स आणि जीएसटीचं बिल घ्या. सेकंड हँड एएम४ घेताना उलटा करून पिना बघा, एकही वाकडी नको.

पिनांचाच धोका जुना प्रोसेसर काढताना असतो. एएम४च्या पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. जुना प्रोसेसर लगेच विकू नका, नवा दोन आठवडे नीट चालेपर्यंत डब्यात जपून ठेवा. भावाने तो मावशीच्या रिकाम्या केकच्या डब्यात ठेवलाय, खाली कापूस घालून.