शेपटी झडलेला पोपट

भोकर तालुक्यात जोंधळ्याची कणसे भरू लागली म्हणजे पोपटांचे थवे शिवारात उतरतात. त्यांत एखादा पोपट शेपटीवाचून उडताना दिसतो. असा बांडा राघू दृष्टीस पडताच तो आजारी आहे असे समजून मुले त्यास पकडावयास धावतात. याकरिता शेपटी झडण्याची कारणे शिक्षकांनी वर्गात समजावून सांगणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील सामान्य पोपटाची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर असते व तीत निम्म्याहून अधिक शेपटीच भरते. शेपटीत १२ मोठी पिसे असतात. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखाप्रमाणे निर्जीव असते; ते झिजले किंवा तुटले तर भरून येत नाही. म्हणून निसर्गाने जुनी पिसे गळून नवी येण्याची योजना केली आहे. विणीचा हंगाम आटोपल्यावर ही पिसे क्रमाक्रमाने गळतात. त्या सुमारास शेपटी आखूड व विरळ दिसते. ढोलीत अंडी उबवणाऱ्या मादीची शेपटी अरुंद जागेत वाकून व घासून आधीच विद्रूप झालेली असते.

दुसरे कारण संकटाचे. शिक्रा किंवा मांजर यांनी मागून झडप घातली असता शेपटी त्यांच्या तावडीत राहते आणि पक्षी निसटतो. शेपटी जाते, पण प्राण वाचतो. मुळासकट उपटलेल्या पिसाच्या जागी लगेच नवे पीस उगवू लागते व काही आठवड्यांत वाढते. मधेच तुटलेल्या पिसाचा बुंधा मात्र पुढील गळतीपर्यंत तसाच राहतो. गळलेले व मोडलेले पीस यांतील भेद कोंबडीची पिसे दाखवून सहज शिकविता येईल.

तिसरे कारण रोगाचे. पोपटांच्या कुळात चोच व पिसे बिघडविणारा एक विषाणुजन्य रोग आढळतो. त्यात नवी पिसे वेडीवाकडी येतात व पुन्हा गळतात. पक्षी मलूल असेल, अंगावरचीही पिसे गेली असतील, तर रोगाचा संशय घ्यावा. अशा पक्ष्यास हात लावू नये; पोपटांपासून माणसासही ज्वर जडू शकतो. वन खात्याच्या कर्मचाऱ्यास कळवावे.

शेपटीवाचून पोपट उडू शकतो. वळताना व फांदीवर उतरताना तेवढा त्याचा तोल ढळतो. या दिवसांत तो सहज हाती लागतो, आणि खरा धोका हाच आहे. उगवत्या पिसाच्या नळीत रक्त असते. धरपकडीत ती मोडल्यास रक्तस्राव होतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानपोपट पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे हा अपराध आहे. बांड्या राघूस औषधाची गरज नसते, त्यास थोडा अवधी हवा असतो. तो त्यास मिळू द्यावा, एवढे मुलांच्या मनावर बिंबले तरी या पाठाचे सार्थक झाले.