बादलीत काय भरावे : काळी माती की कोकोपीट?

घराला अंगण नाही, डोक्यावर पत्रे आणि नळाला पाणी काही दिवसांआड. अशा घरातही खिडकीपाशी किंवा दाराच्या उजेडात मेथी-कोथिंबिरीची एक बादली मावते. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी माता-भगिनी ती हौसेने लावतात. पण पंधरा दिवसांत रोपे पिवळी पडतात आणि "आमच्या हाताला झाड लागत नाही" म्हणून बादली पुन्हा धुण्याच्या कामाला जाते. हाताचा दोष नसतो. बादलीत काय भरले, ते पाहायला हवे.

नांदेड-लातूरची काळी माती शेतात सोने पिकवते. तिच्यात चिकणमातीचा अंश फार. पाणी मिळाले की ती फुगते, सुकली की भेगाळते. आम्हीही आधी नुसती काळी मातीच भरली होती. पाणी वर साचून राहिले, मग वरचा थर वाळल्या भाकरीसारखा कडक झाला. मुळांना हवाच मिळाली नाही. शिवाय 15 लिटरची बादली ओल्या मातीने भरली तर वजन 20 किलोच्या आसपास जाते. अशी बादली पत्र्यावर किंवा कच्च्या फळीवर ठेवू नये.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्यातून निघणारा भुसा. रोपवाटिकेत कामाला जाणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो. मिरची-टोमॅटोची रोपे त्यातच वाढवतात. वजनाला हलका, आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारा. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे या गुणाचे मोल सांगायला नको.

पण कोकोपीटमध्ये झाडाचे अन्न जवळजवळ नसते. नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवायचे तर सतत पातळ खत द्यावे लागते, आणि तो खर्च आपल्याला परवडणारा नाही. त्यात क्षारही असू शकतात. म्हणून भिजवून, पिळून, एक-दोनदा पाणी बदलून घ्यावे. ते पाणी संडासात ओतले तर वाया जात नाही.

मग एकच निवडायचे कशाला? एक घमेले माती, एक घमेले धुतलेले कोकोपीट आणि एक घमेले चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एकत्र करावे. बादलीच्या बुडाला चार-पाच भोके पाडावीत. कोकोपीटची 5 किलोची लादी भिजल्यावर 60-70 लिटर होते. एका घराला एवढी लागत नाही. रविवारी विहारात जमल्यावर पाच-सहा घरांनी वर्गणी काढून एक लादी आणली तर सर्वांचे भागते.

पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे आत घालून पाहावे. वरून कोरडे दिसले तरी आत ओल असते. ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. आणि दिवसातून चार तास तरी ऊन मिळेल अशी जागा बघावी. अंधाऱ्या कोपऱ्यात मेथी नुसती लांबते आणि आडवी पडते.

आरोग्यासाठी एवढे जपावे. बादलीखालच्या ताटलीत पाणी साचले तर डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ताटली ओतून, घासून कोरडी करावी. नाल्याकाठची किंवा उकिरड्याची माती भाजीला घेऊ नये. मातीत जंतांची अंडी असतात, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. लेकरांचेही धुवावेत. कोरडे कोकोपीट उधळू नये. दम्याच्या माणसाला त्या धुळीचा त्रास होतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. एका बादलीतल्या मेथीने ते भरून निघणार नाही; आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण ताटात आठवड्यातून दोनदा घरची हिरवी भाजी आली, वर लिंबू पिळले, तर त्या गोळ्यांना जोड मिळते. भाजी महागली की ताटातून सर्वांत आधी बाईच्या वाट्याची भाजी जाते, हे आपण घरोघरी पाहतो. या बादलीतली पहिली जुडी म्हणूनच घरातल्या बाईच्या ताटात वाढावी.