विश्लेषण : टपाल तिकिटे जमवण्याचा छंद का आटला? मग नवी तिकिटे निघतात कुणासाठी?

पोस्टाच्या खिडकीवर पाकीट दिले, की ते वजनकाट्यावर जाते, संगणकात पिनकोड टाकला जातो आणि बारकोडचे लेबल छापून बाहेर येते. लेबल चिकटले, पैसे दिले, पावती घेतली, काम झाले. या सगळ्यात टपाल तिकीट कुठेच नसते. दुसरीकडे टपाल खाते दरवर्षी डझनावारी नवी, देखणी तिकिटे काढते आणि त्यातली बरीचशी कुठल्याही पत्रावर चिकटत नाहीत. मुले मोबाइलमध्ये रमली म्हणून हा छंद संपला, असे सरसकट सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. छंदाचा कच्चा मालच संपला आहे.

कच्चा माल यायचा कुठून?

घरी आलेल्या टपालातून, तोही फुकट. पाकिटाचा कोपरा कात्रीने कापायचा, पाण्यात भिजत ठेवायचा, डिंक सुटला की तिकीट अलगद काढून जुन्या वर्तमानपत्रावर वाळवायचे. आखातात नोकरी करणाऱ्या काकांचे पत्र, शेजारच्यांच्या अमेरिकेतल्या मुलाचे पाकीट, ऑफिसच्या कचऱ्याच्या टोपलीतले लिफाफे, सगळे चालायचे. एकसारखी दोन तिकिटे असतील तर वर्गात अदलाबदल व्हायची. खिशात पैसे नसलेल्या मुलालाही परवडणारा हा छंद होता.

आधी फोन आणि ई-मेलने घरची पत्रे नेली. मग बँकांची आणि कंपन्यांची पत्रे मोबाइलवर येऊ लागली. उरलेल्या कार्यालयीन टपालावर फ्रँकिंग मशीनचा ठसा आला आणि स्पीड पोस्टवर लेबल. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. २० ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला ५ रुपयांचे तिकीट अजून लागते. पण साधे पत्र लिहितो कोण?

तिकिटावरचे चित्र कसे बदलले?

या गोष्टीचा मोठा भाग नाशिकचा आहे. पूर्वी भारताची तिकिटे लंडनची दे ला रू कंपनी छापत असे. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि हे काम देशात आले. स्वातंत्र्यानंतरही गांधीजींची १९४८ ची तिकिटे स्वित्झर्लंडहून छापून आणली होती, कारण फोटोग्रॅव्हर छपाई तेव्हा इथे नव्हती. १९५२ मध्ये कबीर, मीरा, तुलसीदास यांच्या मालिकेपासून ती नाशिकला होऊ लागली. १८ एप्रिल १९५८ रोजी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या वयाच्या शंभरीनिमित्त तिकीट निघाले, तेव्हा ते स्वतः हयात होते. १५ नव्या पैशांच्या त्या तिकिटावर एक चेहरा, एकच रंग आणि थोडी अक्षरे एवढाच मजकूर. वरून शिक्का बसला तरी माणूस ओळखू यायचा.

आता छपाई मुख्यतः ऑफसेटवर होते. हवे तेवढे रंग आणि थेट छायाचित्र वापरता येते. त्याचा फायदा पक्षी, फुले, वास्तू यांच्या तिकिटांना झाला. व्यक्ती आणि संस्थांच्या तिकिटांवर मात्र फोटो, इमारत, बोधचिन्ह, मजकूर अशी दाटी होते. ही पोस्टरे भिंगातून वाचावी लागतात.

यापुढची पायरी म्हणजे नवलाई. २००६ मध्ये चंदनाच्या वासाचे तिकीट आले, २०११ मध्ये खादीच्या कापडावर छापलेले गांधीजींचे २५० रुपयांचे आणि २०१७ मध्ये कॉफीच्या वासाचे १०० रुपयांचे. ही काही रोजच्या पत्रासाठी काढलेली तिकिटे नव्हेत. २०११ पासून ‘माय स्टॅम्प’मध्ये स्वतःचा फोटोही छापून मिळतो. १२ तिकिटांच्या तावाला ३०० रुपये. त्यावरच्या तिकिटांची छापील किंमत मिळून ६० रुपये. म्हणजे तिकीट आता टपालाचा आकार राहिलेले नाही, आठवण म्हणून विकायची वस्तू झाले आहे. टपाल खात्यालाही त्यात सोय आहे. विकलेले तिकीट अल्बममध्ये गेले, तर पत्र पोहोचवावे लागत नाही!

बाहेर काय चालले आहे?

ब्रिटनने नेहमीच्या वापराच्या तिकिटांवर बारकोड आणला आणि बारकोड नसलेली तशी तिकिटे ३१ जुलै २०२३ नंतर बाद केली. विशेष प्रसंगांची चित्रतिकिटे मात्र चालू ठेवली. डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीने तर २०२५ अखेर पत्रवाटपच थांबवले.

घरातल्या जुन्या अल्बमची किंमत किती?

इथे अनेकांची निराशा होते. निवृत्तीनंतर आजोबांनी जपलेले सत्तर-ऐंशीच्या दशकातले कोरे ताव विकायला काढले, तर छापील किमतीच्या आसपासच भाव निघू शकतो. ती तिकिटे लाखोंनी छापली गेली आणि हजारोंनी ती ‘पुढे भाव येईल’ म्हणून जपून ठेवली. दुर्मीळ म्हणजे १९४८ च्या गांधी मालिकेतले १० रुपयांचे ‘सर्व्हिस’ असा ठसा असलेले तिकीट. ते गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केवळ १०० छापले होते.

त्यापेक्षा माळ्यावरचे पत्रांचे गाठोडे आधी पाहावे. शिक्का, पत्ता, तिकीट सगळे जागेवर असलेले जुने पाकीट जाणकार संग्राहक सुट्या तिकिटापेक्षा अधिक मोलाचे मानतात. त्यावरचे तिकीट भिजवून काढू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कोकणासारख्या दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक एकमेकांना चिकटतो, म्हणून ती कोरड्या जागी, चिमट्याने हाताळून ठेवावीत.

मुलांना अजून दार उघडे आहे का?

आहे, पण आता ते पैशांचे आहे. टपाल खात्याच्या २०१७ च्या ‘दीनदयाळ स्पर्श’ योजनेत सहावी ते नववीच्या ९२० विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब हवा, नाहीतर विद्यार्थ्याचे स्वतःचे फिलाटेली खाते हवे. ते खाते किमान २०० रुपये भरून उघडता येते आणि नवी तिकिटे घरपोच येतात. ती कोरीच असतात. शिक्का मारलेले, प्रवास करून आलेले तिकीट हवे असेल, तर कुणीतरी त्या मुलाला पत्र पाठवावे लागते. मुंबईच्या जीपीओसारख्या ठिकाणच्या फिलाटेलिक ब्युरोत मिळणारे ५ रुपयांचे विशेष तिकीट साध्या पत्राला चालते. टाकताना खिडकीवर एवढेच सांगायचे : शिक्का जरा कोपऱ्यावर मारा.