माशी उंचच घ्यावी

ठासणीची बंदूक एकदा झाडली, की पुन्हा दारू-गोळी ठासेपर्यंत अर्धा मिनिट तरी जातो. अमेरिकेत अनेक राज्यांत अशा बंदुकीने हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. नेम थोडा चुकला, तर जखमी हरीण रानात तडफडत मरते. म्हणून माशी आणि खाच नीट हवीत.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचे पाते. खाच तिच्या मागे, डोळ्याच्या बाजूला. चाळिशी लागलेल्याला जवळची खाच अंधूक दिसते; त्याने ती नळीवर थोडी पुढे बसवावी.

आधी एकाच मापाची दारू भरून तीन गोळ्या झाडून पाहाव्यात, मग रिकाम्या बंदुकीलाच हात लावावा. गोळ्या उजवीकडे जात असतील, तर खाच हलक्या ठोक्याने डावीकडे सरकवावी. खाली लागत असतील, तर माशी कानशीने घासावी. दोहोंत ७५ सेंटिमीटर अंतर असेल, तर माशी एक मिलिमीटर घासताच ४५ मीटरवर गोळी सहा सेंटिमीटर वर जाते! म्हणून माशी मुद्दाम उंच घ्यावी आणि बेताबेताने घासावी. घासलेला धातू परत येत नाही, आणि सुटलेली गोळीही.