झोप दोन तास, तरीही ताजेतवाने!

“डॉक्टर, हे आठवडाभर रात्री जेमतेम दोन तास झोपतात, पण सकाळी अगदी ताजेतवाने! टॉनिक लागू पडलं बघा.” एका वहिनींनी मला हे कौतुकाने सांगितले. महिन्याभरात त्या गृहस्थांनी उसनवारी करून दोन गाळ्यांचा विसार दिला, भावांशी भांडणे उकरून काढली, आणि पुढचे तीन महिने अंथरुणातून उठले नाहीत.

या आजाराला बायपोलर डिसऑर्डर किंवा द्विध्रुवी विकार म्हणतात. कधी उन्माद, कधी खोल नैराश्य, मध्ये अगदी चांगले दिवस. तो काही घराण्यांत अधिक आढळतो. स्वभावदोष, बाहेरची बाधा किंवा बायकोचा पायगुण यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

उन्मादात रुग्ण दवाखान्याची पायरी चढत नाही, कारण त्याला कधी नव्हे इतके बरे वाटत असते. तो येतो नैराश्यात, आणि सांगतो फक्त उदासीनता. तेवढ्यावर नुसते नैराश्याचे औषध सुरू झाले तर काहींना त्यातूनच उन्माद चढतो. म्हणून जोडीदाराने सोबत यावे आणि ते ‘टॉनिक लागू पडल्याचे’ दिवसही आठवणीने सांगावेत. निदान पुष्कळदा त्या माहितीवरच ठरते. घरच्या कॅलेंडरवर रोजच्या झोपेचे तास लिहिले तरी पुरे. झोप घटली, थकवा नाही, बोलणे व खर्च वाढला, की चार दिवसही वाट पाहू नका.

उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावेत. लिथियम हे जुने, स्वस्त औषध. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरील गुण दाखवला. मात्र त्याचे रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते, तसेच मूत्रपिंड व थायरॉईडही. हे औषध चालू असताना निर्जळी उपवास करू नये, मीठ एकाएकी तोडू नये आणि अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर आणू नये. रक्तातील लिथियम वाढते. उलट्या-जुलाब, हातांना जोराची थरथर, अडखळती चाल किंवा बोबडे बोलणे दिसल्यास पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी, बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पत्नी रुग्ण असेल आणि मूल हवे असेल, तर आधीच विचारा. व्हॅलप्रोएटसारखी काही औषधे गर्भाला घातक आहेत. (बायको आजारी पडली की तिला माहेरी पोचवण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच पसंत नाही.)

उन्मादात वाद घालून उपयोग नसतो. चांगल्या दिवसांतच दोघांनी बसून ठरवावे : पुन्हा तसे झाले तर एटीएम कार्ड कोणाकडे, गाडीची किल्ली कोणाकडे, डॉक्टरांना फोन कोण करील. हे ठरलेले कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

नैराश्यात मरणाची भाषा निघाली तर रुग्णाला एकटे ठेवू नका. गोळ्या, कीटकनाशके कुलुपात ठेवा आणि लगेच रुग्णालयात न्या. सल्ल्यासाठी २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. रात्र-रात्र जागून थकलेल्या जोडीदारानेही तो स्वतःसाठी लावायला हरकत नाही.