द्राक्षांची निर्यात : बाग सिद्ध आहे काय ?

द्राक्षाचे पीक उत्तम आले आणि परदेशातील भाव कानी आले, म्हणजे आपलाही माल तिकडे पाठवावा, अशी इच्छा बागायतदारास होणे स्वाभाविक आहे. तथापि माल चांगला असणे आणि बाग निर्यातीस सिद्ध असणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा निर्णय तोडणीच्या वेळी नव्हे, तर छाटणीपूर्वीच करावयाचा असतो.

युरोपीय बाजारास टपोरे, एकसारख्या रंगाचे व गोड मणी लागतात. ही कसोटी डोळ्यांस व जिभेस कळते. अवशेषांची कसोटी मात्र प्रयोगशाळेतच कळते. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळले. माल दिसावयास उत्तम होता; तरीही तो अडकून पडला आणि अनेक बागायतदारांस मोठी झळ सोसावी लागली.

म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे प्रथम द्यावीत :

(१) प्रत्येक फवारणीची तारीख, औषध व प्रमाण यांची नोंद वहीत आहे काय ?

(२) बागेची नोंदणी झाली आहे काय ? युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून 'ग्रेपनेट' पद्धती सुरू झाली. तीत नोंदलेल्या बागेतील नमुना तोडणीपूर्वी तपासला जातो.

(३) शीतगृह जवळ आहे काय ? तोडलेला माल काही तासांतच सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून पुढे ० ते १ अंशात ठेवावा लागतो.

(४) माल नाकारला गेला किंवा पैसे उशिरा आले, तर मजुरी व कर्जाचा हप्ता भागेल काय ?

चौथ्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते. परंतु लहान बागायतदार बुडतो तो येथेच. सबंध बागेचा माल एकाच व्यवहारात गुंतवू नये. काही भाग देशी बाजारासाठी राखावा.

लहान बागायतदाराने एकट्याने निर्यातदार होण्याची आवश्यकता नाही. १९९१ साली सहकारी द्राक्ष संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली, ती याच विचाराने. संस्थेमार्फत माल दिल्यास शीतगृह, तपासणी व कागदपत्रे यांचा भार वाटला जातो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रश्न छाटणीपूर्वीच बागायतदारांपुढे मांडावेत. एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास त्या वर्षी देशी बाजार गाठावा व नोंदवही त्याच दिवशी सुरू करावी. पुढील हंगामाची निर्यात त्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरू होते.